यात काय विशेष

मुंबई, ४ मार्च २०२४

प्रिय हारून,

फोनवर तू "व्हय, व्हय" म्हणतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून हे लेखी. शिवाय वकिलाला लेखीच लागतं. बोललेल्यावर विश्वास ठेवायची सवय मला या धंद्याने लावली नाही.

काम असं. माझा पक्षकार हृदयाचे स्टेंट बनवतो, कंपनी इथलीच. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने नव्या रचनेच्या स्टेंटसाठी भारतात पेटंटचा अर्ज केलाय. पेटंट मिळालं तर तसला स्टेंट पुढे बरीच वर्षं दुसऱ्या कुणाला बनवता येणार नाही. आम्ही हरकत घेतली आहे. आमचं म्हणणं, यात शोध असा काही नाहीच, हे कुणालाही सहज सुचलं असतं.

आता "कुणालाही" म्हणजे कुणाला, हे ठरवायला कायद्याने एक काल्पनिक माणूस जन्माला घातलाय. त्याला त्या विषयातला जाणकार म्हणतात. विषयावरचं सगळं त्याने वाचलेलं असतं, हात सरावलेला असतो, कष्टाला मागे हटत नाही, पण कल्पनाशक्ती नावाची वस्तू त्याच्याकडे औषधालाही नसते. त्याला जे सुचेल तो शोध नव्हे. असा माणूस प्रत्यक्षात सापडत नाही, असं आमच्या कचेरीतले लोक म्हणतात. मला मात्र साक्षीदार म्हणून लगेच तू आठवलास. बारावीत जीवशास्त्राच्या वहीत तू बेडूक छापल्यासारखा काढायचास आणि सर म्हणायचे, "बागवान, बेडूक झकास, पण जिवंत वाटत नाही."

सोबत दोन जुने लेख आणि हा अर्ज पाठवते आहे. अर्जाचं पहिलं पान जोडलेलं नाही, त्यात नुसते नावपत्ते आहेत. तू असं समजायचंस की ऑक्टोबर २०१७, म्हणजे मूळ अर्ज झाला तो महिना, चालू आहे, दोन्ही लेख टेबलावर आहेत आणि त्यानंतर जगात काय झालं ते तुला ठाऊक नाही. सोलापुरात हे फार अवघड जाऊ नये.

तुझी,
सिद्धेश्वरी

—

सोलापूर, १५ मार्च २०२४

प्रिय विदुषी,

इतकी वर्षं लोकांच्या काळजात तारा घातल्या, कुणी एक शाल दिली नाही. तू थेट कल्पनाशक्ती नसल्याचं प्रमाणपत्र दिलंस. रुक्सानाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वकीलबाई हुशार आहेत. मला कळायला लग्नानंतर वर्ष लागलं."

ऊन आत्ताच असं आहे की सात रस्त्यावरून दवाखान्यापर्यंत चालत आलेला प्रत्येक माणूस हृदयरोगी वाटतो. त्यांना तपासता तपासता तुझे कागद वाचले. साक्षीदार म्हणून सराव असावा, म्हणून तुला समजावून सांगतो.

रक्तवाहिनी तुंबली की आम्ही तिथे तारेच्या जाळीची एक नळी बसवतो. तो स्टेंट. वाहिनीला जिथे फांदी फुटते नेमकं तिथेच तुंबलं असेल, तर मात्र पंचाईत. नळी मुख्य वाहिनीत छान बसते आणि फांदीचं तोंड जाळीआड कोंडलं जातं. मग जाळीच्या एका भोकात फुगा घालून भोक मोठं करायचं. त्यात फांदी मोकळी होते, पण नळी वाकडी होते. मग नळी सरळ करा, की फांदी पुन्हा बंद. हा खेळ मी आठवड्याला एकदा तरी खेळतो.

अर्जात ज्या नव्या गोष्टींवर हक्क सांगितलाय, त्या दाव्यांपैकी पहिले तीन म्हणतात की नळीच्या मधल्या भागात भोकं मोठी ठेवा. ठीक. चौथा दावा म्हणतो की मधल्या कड्या जोडणारे सांधे मुद्दाम कमकुवत ठेवा. फुगा फुगला की नळी वाकण्याऐवजी तेवढे सांधे बाहेरच्या बाजूला उलटतात आणि सदऱ्याच्या कॉलरसारखे फांदीच्या तोंडाशी बसतात.

वाचून मी म्हणालो, एवढंच? यासाठी परदेशी कंपनी कशाला लागते? माझा चहा संपायच्या आत वाचून झालं आणि पटलंही. पाठव तुझं प्रतिज्ञापत्र.

कल्पनाशून्य,
हारून

—

मुंबई, २१ मार्च २०२४

प्रिय हारून,

तुझ्या "एवढंच?" या एका शब्दावर मी खटला उभा करू शकते. प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत आहे. तुला काय वाटतं ते मी त्यात सविस्तर लिहिलं आहे. वाचून घे, म्हणजे तुलाही कळेल.

एक तयारी ठेव. समोरचा वकील विचारेल, "डॉक्टर, २०१७ च्या आधी हे दोन्ही लेख तुम्ही वाचले होते का?" तू म्हणशील, हो. "मोठ्या भोकांच्या जाळ्या वापरत होता?" हो. "फांदीची अडचण नेहमी समोर होती?" होती. "मग तुम्हाला हे का सुचलं नाही?" यावर गडबडायचं नाही. शांतपणे सांगायचं की मी डॉक्टर आहे, जाळ्या बनवणं माझं काम नाही. पाणी पिऊन सांगितलंस तर अधिक खरं वाटतं.

सही करून लवकर पाठव. पक्षकार घाईत आहे. ते नेहमीच असतात, पण हे फोन करून कळवतात.

सिद्धेश्वरी

—

सोलापूर, ८ एप्रिल २०२४

प्रिय सिद्धी,

सही केलेली नाही. आधी ऐकून घे.

तुझा तो शेवटचा प्रश्न घशात अडकला. मला का सुचलं नाही? पाणी पिऊन पाहिलं, उतरला नाही. म्हटलं, मी मठ्ठ असेन, पण गावात माझ्याहून हुशार माणसं आहेत, निदान त्यांचं तसं मत आहे. आम्ही हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी सकाळी नाश्त्याला जमतो. उद्देश ज्ञानाची देवाणघेवाण, प्रत्यक्षात इडली. या वेळी मी तुझे दोन जुने लेख सगळ्यांना वाटले. अर्ज दाखवला नाही. म्हटलं, फांदीची अडचण तुम्हाला ठाऊक आहे, हातात एवढंच आहे, काढा मार्ग.

आबासाहेब आमच्यात ज्येष्ठ. ते म्हणाले, "सांधे जाड करा. नळी वाकते कारण ती लेचीपेची आहे." दुसरा म्हणाला, धातू बदला, आणखी कडक घ्या. तिसऱ्याने फांदीत दुसरी नळी घालायला सांगितली, जे आम्ही करतोच आणि करून पस्तावतो. चौथा म्हणाला, रुग्णाला पुण्याला पाठवा. माझ्या मते वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच होतं.

कमकुवत करा, असं एकही जण म्हणाला नाही. इडल्या संपल्या, चटणी संपली, तरी सगळे बळकटच करत बसले होते. तुझे ते दोन्ही लेखसुद्धा तेच सांगतात, सांधा जितका मजबूत तितका चांगला. मग मी चौथा दावा वाचून दाखवला. मग आबासाहेब म्हणाले, "मी हेच म्हणणार होतो." बाकीच्यांनीही मान डोलावली. सगळेच हेच म्हणणार होते, सिद्धी. फक्त इडली तोंडात होती म्हणून राहून गेलं.

आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? उत्तर वाचून म्हणालो, एवढंच.

म्हणून मसुदा दुरुस्त केलाय. पहिले तीन दावे सहज सुचण्यासारखे आहेत, हे मी छातीठोकपणे सांगेन. चौथा मला सुचला नसता. जन्मात नाही. हे असं लिहिलेलं चालणार असेल तर सही तयार आहे.

हारून

—

मुंबई, १३ एप्रिल २०२४

प्रिय डॉक्टर बागवान,

मी मागितला होता एक साक्षीदार, तू इडलीचं खंडपीठ बसवलंस. नाश्त्याला काय ठरलं ते पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. चार डॉक्टरांना सुचलं नाही यावरून एवढंच सिद्ध होतं की चार डॉक्टरांना सुचलं नाही.

अर्धं प्रतिज्ञापत्र आमच्या काय कामाचं? आमचा पक्षकार सगळं उडवायला आलाय. चौथा दावा टिकला तर त्याला नेमका हवा तो स्टेंट बनवता येणार नाही. तुझा दुरुस्त मसुदा त्यांना दाखवला. त्यांच्या व्यवस्थापकांनी विचारलं, "हे डॉक्टर नक्की आपल्या बाजूचे आहेत का?" मी म्हटलं, ते सोलापूरचे आहेत. ते म्हणाले की मोठ्या रुग्णालयातले एक साहेब तयार आहेत आणि ते मसुदा न वाचताच सही करतात. ही माणसं पुढे जातात, हारून.

आणि हेही लक्षात घे. पेटंट मिळालं तरी ही परदेशी कंपनी तुझ्या सोलापुरात माल पाठवेल याची खात्री नाही. आमचा पक्षकार पाठवेल. तुझ्या त्या कोंडलेल्या फांद्यांसाठी तरी थोडा व्यवहारी हो.

तुला त्या शोध लावणाऱ्याचा एवढा पुळका कशासाठी? तू त्याला ओळखतही नाहीस.

सिद्धेश्वरी

—

सोलापूर, २ मे २०२४

प्रिय सिद्धी,

ओळखतो. तुझ्या लग्नात मी त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढलाय.

काल निंगव्वा तपासायला आल्या होत्या. तुझ्या पूर्वीच्या सासूबाई माझ्या रुग्ण आहेत, हे तुला बहुतेक ठाऊक नसावं. तुमचा घटस्फोट झाला तरी त्यांचा रक्तदाब माझ्याकडेच राहिला. अक्कलकोटहून एसटीने येतात, येताना शेंगाचटणी आणतात आणि मी मीठ बंद करा म्हटलं की ती माझ्यापुढे ठेवतात.

पट्टा बांधताना सहज विचारलं, संगमेश काय म्हणतो? म्हणाल्या, "संगूनं काळजाची जाळी केली म्हणं, डाक्टर. तिकडं आयर्लंडात साहेब लोकांनी लई कौतुक केलं. पण हितं कोण मुंबईची वकीलबाई म्हणती, त्यात काय बी न्हाय."

मी विचारलं, कोण वकीलबाई?

"तुमाला ठावं न्हाय? आमची सिद्दीच की." आणि चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, "घरात हुती तवा बी असंच म्हणायची. त्यानं काय बी करून दावलं की, यात काय विशेष. तवा फुकट म्हणायची, आता पगार घेती म्हणं. इरली, ज्याचा त्याचा धंदा." इरली म्हणजे असू दे, हे तुला सांगायला नको.

मी विचारलं, संगमेश चिडला असेल. म्हणाल्या, "न्हाय वो. फोनवर हसत हुता. म्हणला, अव्वा, माझं काम तिच्याइतकं बारकाईनं कुणीच वाचलं न्हाय."

रक्तदाब नेहमीपेक्षा बरा निघाला. माझा मी मोजला नाही.

आता तुझी तक्रार नाही करत, फक्त विचारतो. अर्जाचं पहिलं पान पाठवलं नाहीस ते माझं मत निष्पक्ष राहावं म्हणून, की तुझं?

हारून

—

मुंबई, २० मे २०२४

प्रिय हारून,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराचे तीन मसुदे केले, तिन्ही कायदेशीरदृष्ट्या उत्तम होते. फाडले.

व्हय, मला माहीत होतं. फाईल आली त्याच दिवशी नाव पाहिलं. ती दुसऱ्या वकिलाकडे देता आली असती. ठेवून घेतली. त्याच्या कामात काही नाही, असं सरकारी शिक्क्यानिशी कुणीतरी म्हणावं, असं मला वाटत होतं. घटस्फोटाच्या हुकमात कारण म्हणून नुसतं "परस्पर संमती" लिहिलेलं असतं. त्याने माझं समाधान झालं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी तुझ्या इडलीवाल्यांना माहीत असण्याचं कारण नाही. पुण्याच्या घरी तो तारांच्या जाळ्या वळत बसायचा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे. प्रत्येक नवी जाळी आधीच्यापेक्षा मजबूत. आणि प्रत्येक वाकडी व्हायची. वर्षानुवर्षं हेच. त्या तारांचे तुकडे मी झाडून काढायचे, तळपायात शिरलेले चिमट्याने उपसायचे. एकदा जेवताना तो म्हणाला, "आपण सांधा कमी मजबूत केला तर?" मी म्हटलं, "यात काय विशेष. आधीच करायचं होतंस." आणि भाजी वाढली.

तर जे सुचायला त्याला इतकी वर्षं लागली, ते कुणालाही सहज सुचलं असतं, असं मी पंचवीस पानांत सुरेख मांडलं आहे. माझा आजवरचा सगळ्यात चांगला मसुदा आहे तो. तरुण वकिलांनी अभ्यासावा असा.

परवा पक्षकाराकडे जाऊन सांगितलं की शोधक माझा पूर्वीचा नवरा आहे आणि मी हे प्रकरण चालवणं योग्य नाही. मला वाटलं, रागावतील. व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मग तर फारच छान मॅडम. त्याचे कच्चे दुवे तुमच्याइतके कुणाला माहीत असणार?" मी तिथल्या तिथे माझं वकीलपत्र काढून घेतलं. ओट्यावरच्या तारांबद्दल मी कुणाला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. पक्षकार सोडला तरी त्याच्याविरुद्ध बोलायचं नसतं, एवढा धर्म या धंद्यात शिल्लक आहे.

पहिल्या पानाबद्दलच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दुसरं.

सिद्धी

—

सोलापूर, १९ जानेवारी २०२५

प्रिय सिद्धी,

आठ महिने तू गप्प, मीही गप्प. रुक्साना म्हणते, दोघांचे वकील बदलले का?

निकाल लागला, तू वाचला असशीलच. मी नेटवरून उतरवून घेतला आणि समजेल तेवढा वाचला. पहिले तीन दावे सहज सुचण्यासारखे म्हणून नामंजूर. चौथा दावा शोध म्हणून मंजूर. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलंय की त्या काळचं सगळं लिखाण सांधे बळकट करायला सांगत होतं, तेव्हा ते मुद्दाम कमकुवत करणं जाणकाराला सुचलं नसतं. न वाचता सही करणाऱ्या साहेबांवर एक आख्खा परिच्छेद आहे. त्यात त्यांचं नाव फार आदराने घेतलंय आणि मत एका ओळीत बाजूला ठेवलंय.

म्हणजे माझं अर्धं प्रतिज्ञापत्र जसंच्या तसं निकालात उतरलं, ते दाखल न होताच. देशसेवा अशी गुपचूप केलेलीच बरी.

तुझ्या जुन्या पक्षकाराचंही काही बिघडलं नाही. मोठ्या भोकांची, साध्या सांध्यांची जाळी त्यांना आता बनवता येते, आणि त्यांचा माणूस माझ्याकडे नमुने घेऊन येऊनही गेला. ती बरी आहे. संगमेशची त्याहून बरी आहे, हे आबासाहेबांनीही मान्य केलं. तिची कल्पना मुळात त्यांचीच असल्याचं ते अजून सांगतात.

मुख्य सांगायचं ते वेगळंच. निंगव्वांनी निकालाचे कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "डाक्टर, संगू सांगतोय पण मला उमगत न्हाय. नीट कोण सांगंल?" मी प्रयत्न केला. कॉलर म्हणालो, फांदी म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमाला बी उमगलेलं दिसत न्हाय." मग जाता जाता दाराशी थांबून विचारलं, "सिद्दी येती का कवा सोलापूरला?"

मी निरोप्या आहे. दिला.

हारून

—

अक्कलकोट, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय हारून,

वरचा पत्ता पाहून दचकू नकोस. सोलापुरात उतरले होते, तुझ्याकडे आले नाही, कारण तू हसला असतास आणि मी परत गेले असते.

निंगव्वांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बा" एवढंच म्हणाल्या. ये म्हणाल्या. जणू मी भाजी आणायला गेले होते. जेवायला वाढलं. मीठ भरपूर होतं, तुझ्या माहितीसाठी. मग निकालाचे कागद आणून माझ्या मांडीवर ठेवले.

मी वकिली सुरात सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. मग कागद बाजूला ठेवले. चाळणीचा तुटका पत्रा होता, त्याची गुंडाळी केली, पावट्याच्या शेंगेचं देठ फांदी म्हणून धरलं आणि निम्मं मराठीत, निम्मं मोडक्या कन्नडात सांगत बसले. सगळे लोक जोडायचं म्हणून आवळत होते, तुमच्या मुलाने सैल सोडलं. जिथे वाकायला हवं तिथे त्याने वाकू दिलं, म्हणून बाकीचं सरळ राहिलं. हे करायला हिंमत लागते, कारण मोडलं तर लोक म्हणतात कच्चं काम. दुपार टळून गेली. मी एवढं चांगलं कधी कुठल्या कोर्टात बोललेले नाही, आणि तेही विरुद्ध बाजूने.

निंगव्वांनी शेवटी पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं तुला कळत हुतं, मग त्याला का न्हाय सांगितलंस?"

समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर नसलं की वकील तारीख मागतो. मीही म्हटलं, सांगेन कधीतरी. त्यांनी मोबाइल काढला, बटण दाबलं आणि घंटा वाजत असतानाच माझ्या हातात दिला. स्वतः भांडी घासायला निघून गेल्या. मोठ्याने घासत होत्या.

पलीकडून "हां अव्वा" असं आलं. मी म्हटलं, अव्वा नाही. मी आहे.

मग त्याने विचारलं, "निकाल वाचलास?"

वाचला, म्हटलं. आणि पहिल्या तीन दाव्यांबद्दल माझं मत अजून तेच आहे, हेही सांगितलं. तो हसला. म्हणाला, "आणि चौथा?"

मला बरीच चांगली वाक्यं सुचली, हारून. सगळी नीट घासलेली, टोक असलेली. त्यातलं एकही बोलले नाही.

"चौथा मला सुचला नसता," म्हटलं.

आतली भांडी थांबली होती.

तुझी,
सिद्धी